आस्लाउगची चाखणी

चाखणीला न्यायला गाडी चार वाजता येणार होती. आस्लाउग मात्र तीन वाजल्यापासूनच कोट घालून स्वयंपाकघरात बसली होती. समोर कॉफीचा कप होता. कॉफी गरम होती, कडू होती आणि त्यापलीकडे काहीही नव्हती.

जानेवारीत तिला ताप आला होता. आठ दिवसांनी तो उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. हे तिला लगेच कळलंही नाही. एका सकाळी दूध चुलीवर ठेवून ती खिडकीशी विणत बसली होती. एकाएकी मांजर उठलं आणि दाराशी जाऊन केकाटायला लागलं. तिनं मागे वळून पाहिलं, तर भांड्याचा कोळसा झालेला आणि घरभर धूर. आणि तिला करपल्याचा वास म्हणून नाही! तिनं आधी खिडक्या उघडल्या. मग कॉफीचा डबा हुंगला, मग रॉकेलचा. शेवटी बाहेर जाऊन गोठ्यातले बूट नाकाशी धरले. दुर्गंधीमुळे हे बूट गेली दहा वर्षं घराबाहेर राहत होते. बुटांनाही वास नव्हता. तेव्हा ती पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

जिभेवर गोड, आंबट, खारट, कडू एवढं उरलं होतं. पण बिअर काय नुसत्या जिभेनं चाखतात?

ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. बर्गन शहरात राहणाऱ्या मुलालाही नाही आणि डॉक्टरलाही नाही. सांगून झालं असतं काय? तिचं घर खोऱ्यातलं सगळ्यात वरचं. त्याच्यापुढे फक्त मेंढ्यांची वाट. तोर्लाइफ, तिचा नवरा, जाऊन अकरा वर्षं झाली होती. एवढा चढ चढून नुसत्या गप्पांना कोण येणार? पण खोऱ्यात बिअर तयार झाली की गाडी यायचीच. वर्षातून आठ-नऊ वेळा. नाक गेलं म्हटल्यावर ती गाडी कोण पाठवेल, याचं उत्तर तिला ठाऊक होतं. म्हणून ती गप्प होती.

या खोऱ्यात लग्न असो, बारसं असो की मयत, बिअर घरचीच लागते. मोड आणून वाळवलेले सातू, ओढ्याचं पाणी, जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या डहाळ्या आणि घरोघरी आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं यीस्टचं विरजण. कुणाचं विरजण मेलं, तर शेजारणीकडून वाटीभर मागून आणायचं, आणि पुढेमागे तिचं मेलं तर आपलं द्यायचं. बिअर उकळायची नाही. दुधाइतकी कोमट असताना विरजण लावायचं, पिंप लोकरीच्या कांबळ्यांत गुंडाळायचं, की दोन दिवसांत ती तयार होते. मग शेजारीपाजारी जमतात. या जमण्याला ओप्स्कोका म्हणतात. पण आस्लाउग तिला आपली चाखणीच म्हणायची, आणि आता सगळेच तसं म्हणत.

चाखणीचा रिवाज एकच. पहिला वाडगा आस्लाउगच्या हातात. ती बोलेपर्यंत कुणी वाडग्याला हात लावायचा नाही आणि ती बोलल्यावर कुणी वेगळं बोलायचं नाही. तिची वाक्यं तरी किती? तीन. "बरी आहे" म्हणजे उत्तम. "थांबू द्या" म्हणजे अजून एक दिवस. आणि "गुरांना घाला." हे तिसरं वाक्य तिनं चाळीस वर्षांत दोनदाच उच्चारलं होतं, आणि त्या दोन घरांतली माणसं अजून तिचं नाव निघालं की हळू आवाजात बोलत.

खरं तर ती इथली नव्हेच. समुद्रातल्या एका बेटावरून, कोळ्यांच्या घरातून, बाविसाव्या वर्षी लग्न होऊन आली. तिकडे कुणी बिअर करत नसे. पण तिचा बाप खारवलेल्या माशांची पिंपं विकायचा, आणि विकण्याआधी प्रत्येक पिंप धाकट्या लेकीला हुंगायला लावायचा. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूनं, गुरीनं, तिच्या हातात वाडगा दिला. नव्या सुनेची गंमत करावी म्हणून. आस्लाउग एक घोट प्यायली आणि म्हणाली, "बिअर चांगली असेल, पण पिंपाच्या एका फळीला बुरशी आहे." चूलघरात हशा पिकला. सासू मात्र हसली नाही. तिनं पिंप रिकामं करून पट्ट्या काढायला लावल्या. तळाजवळची एक फळी आतून काळी निघाली. त्या दिवसापासून गुरीनं स्वतः चाखणं सोडलं.

अशी ही बाई आणि असं तिचं नाक. ते गेल्यावरही मार्चमध्ये तिनं एक चाखणी पार पाडली होती. खालच्या वस्तीतल्या अन्फिनचा थोरला भाऊ वारला, तेव्हा मयतीची बिअर अन्फिननं केली. तिनं वाडगा तोंडाला लावला. गोडवा होता, आंबटपणा नव्हता, जुनिपरचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी होता. ती म्हणाली, "बरी आहे." सगळ्यांनी मान डोलावली. पण मयतीच्या जेवणाला तिनं पाहिलं, की वाडगे अर्धे भरलेले तसेच राहत आहेत. खोऱ्यातल्याच माग्नहिल्डच्या नवऱ्यानं, राग्नवाल्डनं, इकडे तिकडे बघत आपला वाडगा खिडकीतल्या कुंडीत ओतला, तेही तिनं पाहिलं. बिअरमध्ये काहीतरी होतं. काय होतं, हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं, आणि विचारण्याची सोय नव्हती.

चारला पाच मिनिटं कमी असताना बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. न्यायला अन्फिनच आला होता.

"अगं, कोट घालूनच झोपतेस की काय हल्ली?" त्यानं गाडीचं दार आतून ढकललं. "बस. दार जोरात ओढ. माझ्यासारखंच आहे ते, प्रेमानं सांगून ऐकत नाही."

"तुला प्रेमानं सांगितलं कुणी कधी?"

"तेच तर म्हणतोय. प्रयोगच झाला नाही."

अन्फिन बहात्तर वर्षांचा, सडाफटिंग. तोंडाचा फटकळ, पण शेजाऱ्याच्या छपरावर बर्फ साचलं की फावडं घेऊन पहिला हजर. गाडी उतरणीला लागली. खाली फ्योर्डचं, डोंगरांत शिरलेल्या समुद्राचं पाणी जूनच्या उन्हात पत्र्यासारखं चकाकत होतं.

"माग्नहिल्डनं दोन पिंपं लावलीत," तो म्हणाला. "शनिवारी एकशे तीस माणूस आहे. पोरीचं लग्न, मग काय. आणि एरवी बिअर करणारा तिचा सासरा हात मोडून बसलाय, म्हणून सगळं तिनं एकटीनं केलंय. पहिल्यांदाच. तिचं एकच पिंप होतं, दुसरं मी दिलं."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? दादाचं. मयतीला वापरलेलं. तूच तर पसंत केलंस." वळणावर गाडी हळू करत तो म्हणाला, "त्या दिवशी लोक कमीच प्यायले. माझ्याच तोंडाला चव नव्हती, म्हटलं, दादाच्या दुःखानं त्यांच्याही घशाखाली उतरत नसेल. एवढं प्रेम होतं लोकांचं त्याच्यावर, मला ठाऊक नव्हतं."

आस्लाउग खिडकीबाहेर बघत राहिली. कोटाच्या आत तिला घाम फुटला होता.

माग्नहिल्डच्या घराचं चूलघर अंगणाच्या टोकाला होतं. खाली दगडी जमीन, वर धुरानं काळवंडलेल्या तुळया. आत बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती. फळीवर पातळ भाकरी, सुकवलेलं मटण आणि तपकिरी चीज मांडलेलं होतं, पण कुणी हात लावला नव्हता. नवरी सिनोवे दाराशी उभी होती. दोन पिंपं शेजारी शेजारी होती, अजून कांबळ्यांत गुंडाळलेली, तापातून उठलेल्या पोरांसारखी.

माग्नहिल्ड पुढे आली. पंचेचाळिशीची, उंच, एरवी आवाजाची बाई. आज तिचा आवाज नीट निघत नव्हता. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा होता.

"आलीस? बस ना. नको, आधी चाख. म्हणजे बस आणि चाख."

"माग्नहिल्ड, श्वास घे," अन्फिन म्हणाला. "बिअर दोन दिवस थांबली, तू दोन मिनिटं थांब."

"तू गप रे. तुझं लग्न असतं तर कळलं असतं."

"माझं लग्न असतं तर ही बिअर एव्हाना संपली असती."

लोक हसले. माग्नहिल्डनं दोन लाकडी वाडगे भरले. आधी आपल्या पिंपातला, मग अन्फिनच्या पिंपातला, आणि दोन्ही आस्लाउगपुढे ठेवले. बाकांवरची माणसं पुढे झुकली. चुलीतलं एक लाकूड तेवढं तडतडलं.

तिनं पहिला वाडगा उचलला. बिअर गढूळ पिवळी होती, अजून कोमट. गोड, मागून जुनिपरचा कडवटपणा. आंबट नाही. तिनं दुसरा उचलला. गोड, मागून कडवटपणा, आंबट नाही. तिनं पुन्हा पहिला घेतला. दोन घोटांमध्ये काडीचाही फरक नव्हता. जणू भिंतीच्या पलीकडे कुणी बोलत होतं आणि तिला नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"बरी आहे" हे शब्द तिच्या ओठांवर तयार होते. सोपं होतं. मार्चमध्ये जमलंच होतं की. आणि बिअर खरोखरच चांगली असली तर? पण नसली, तर शनिवारी एकशे तीस माणसं अर्धे वाडगे ठेवतील आणि एकाच्याही तोंडून शब्द निघणार नाही. माग्नहिल्ड जन्मभर समजेल, की आपल्या हातालाच चव नाही. आज बुधवार होता. आज कळलं, तर दुसरी बिअर शुक्रवारपर्यंत होऊ शकत होती. उद्या कळून उपयोग नव्हता.

तिनं दुसरा वाडगा उचलला आणि माग्नहिल्डपुढे धरला.

"तू चाख."

माग्नहिल्डनं हात मागे घेतले. "गुरांना घालायची का?"

"तसं नाही म्हटलं मी. तू चाख आणि सांग."

"मी कशी सांगू? तू आधी..."

"मला येत नाही सांगता." आस्लाउगनं वाडगा खाली ठेवला. "माझं नाक गेलंय. जानेवारीच्या तापात. मला वास येत नाही. कॉफीचा नाही, धुराचा नाही, कशाचाच नाही."

अन्फिन हळूच म्हणाला, "जानेवारीत?"

"हो."

"म्हणजे मार्चमध्ये, दादाच्या दिवशी..."

"तेव्हाही नव्हता येत."

"आणि तू म्हणालीस, बरी आहे."

"म्हणाले."

अन्फिन सगळ्यांकडे वळला. त्याच्या डोळ्यांत एरवीची मस्करी नव्हती. "कशी होती ती बिअर? सांगा की. राग्नवाल्ड, तू सांग."

राग्नवाल्ड आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "आता जाऊ दे ना."

"सांग म्हणतो ना!"

"ओल्या मोज्यांसारखी," राग्नवाल्ड म्हणाला. "पण आस्लाउग बरी म्हणाली होती. मला वाटलं, माझ्याच तोंडाला चव नाही. दाढ काढली होती ना मी त्या आठवड्यात."

"मला वाटलं, मलाच तळघराचा वास येतोय," बाकावरून कुणीतरी म्हणालं. "म्हटलं, कोटाला लागला असेल."

"मलाही आला होता."

"मग बोलला का नाहीत?" माग्नहिल्ड म्हणाली.

"तू बोललीस का?"

माग्नहिल्ड बोलली नव्हती. कुणीच बोललं नव्हतं. अठ्ठावीस माणसं मयतीला ओल्या मोज्यांची बिअर प्यायली होती आणि प्रत्येकानं दोष आपापल्या जिभेला दिला होता. कोपऱ्यात एकीला हसू फुटलं; तिनं ते खोकल्यात लपवलं. अन्फिन मात्र हसला नाही. त्यानं टोपी उचलली.

"दादाला वाईट बिअर देऊन पाठवला मी," तो आस्लाउगला म्हणाला. "तू एक शब्द बोलली असतीस तर दुसरी केली असती. दोनच दिवस लागतात."

"खरं आहे," ती म्हणाली. बाहेर जाताना त्यानं दार आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

माग्नहिल्डनं अखेर दुसरा वाडगा उचलला. घोट घेतला, थांबली, नवऱ्याकडे दिला. वाडगे फिरायला लागले. आणि मग त्या चूलघरात असं काही झालं, जे चाळीस वर्षांत झालं नव्हतं. सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हणाला दोन्ही सारख्याच, दुसरी म्हणाली पहिली जास्त गोड, तिसरा म्हणाला दुसरीत काहीतरी आहे पण काय ते सांगता येत नाही. आवाज चढले. कोणी कोणाला "तुझी जीभ तंबाखूनं जळलीय" असंही सुनावलं. शेवटी सिनोवेच वैतागून म्हणाली, "अगं आस्लाउग, तू सांग ना यांना काहीतरी!"

"मला वास येत नाही, बाळ."

"ते कळलं गं! पण यांना नीट चाखायला तर लाव."

आस्लाउगनं कोटाची बटणं सोडली. आल्यापासून तो तिच्या अंगावरच होता.

"मटण खाल्लंय कुणी?" तिनं विचारलं. "राग्नवाल्ड, तोंड पुस. आधी भाकरीचा तुकडा खा, मग पाणी. हं. आता घोट घे आणि लगेच गिळू नकोस. वास पुढे येतो की गिळल्यावर मागून येतो?"

"मागून."

"माग्नहिल्ड?"

"मागून. नाकात चढतो."

"भाकरी भिजल्यासारखा, की माती उकरल्यासारखा?"

माग्नहिल्डनं डोळे मिटले. "माती नाही. बटाट्यांचं पोतं असतं ना, वसंतात उघडलेलं."

"वाडगा हातात धरून गरम करा. दोन मिनिटं. आता घ्या. वाढला का?"

"वाढला," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"आणि पहिल्या वाडग्यात?"

"तिथे नाहीच."

"मग तुझ्या बिअरला काही झालेलं नाही," आस्लाउग माग्नहिल्डला म्हणाली. "पिंपाची फळी आहे. बिअर तू चांगली केलीस."

माग्नहिल्ड बाकावर बसली आणि भाजलेल्या मनगटानं नाक पुसत एकदाची रडली. मग उठली आणि म्हणाली, "राग्नवाल्ड, चूल पेटव. मोठी कढई ठेव. सातू आहेत अजून दीड पोतं."

"आणि पिंप?"

"दुधाच्या स्टीलच्या कॅनमध्ये लावते. त्यात कुठली फळी?"

धावपळ सुरू झाली. अन्फिनचं पिंप दोघांनी उचलून उकिरड्याकडे नेलं. आस्लाउग अंगणातल्या दगडावर जाऊन बसली. आत तिचं आता काम नव्हतं, आणि पायी परत जायचं, तर तासभराचा चढ. तेवढ्यात वाटेवरून अन्फिन येताना दिसला. खांद्यावर जुनिपरच्या डहाळ्यांचा एवढा मोठा भारा, की फक्त बूट दिसत होते. नवी बिअर गाळायला ताज्या डहाळ्या लागणार, हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. त्यानं भारा तिच्या पायांशी टाकला.

"फळं लागलेल्या फांद्या काढून टाक," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "कडवट करतात. ते तरी येतं ना डोळ्यांनी बघून?"

"येतं."

ती डहाळ्या निवडायला लागली. थोड्या वेळानं तोही शेजारच्या दगडावर बसला.

"अन्फिन, चुकलं माझं."

"चुकलंच." त्यानं एक फांदी मोडून बाजूला फेकली. "मला बोलली असतीस. मी काय गावभर केलं असतं?"

"केलं असतंस."

त्यानं विचार केला. "हो, केलं असतं," तो म्हणाला. आणि दोघं पुन्हा निवडायला लागले.

शनिवारी दोन्ही बिअर वाडग्यावाडग्यांतून फिरल्या आणि संध्याकाळ व्हायच्या आत कॅन रिकामा झाला. आस्लाउग म्हाताऱ्यांच्या बाकावर बसली होती. तिची बातमी एव्हाना खोरंभर पसरली होती. अन्फिननं आपला शब्द पाळला होता. लोक चुचकारतील, कीव करतील, याची तिनं मनाशी तयारी केली होती. पण आधी सिनोवे आली, नवरीच्या चांदीच्या दागिन्यांत खणखणत, आणि वाडगा पुढे करून म्हणाली, "ही कॅनमधली, बुधवारी केलेली. मला संत्र्याचा वास येतोय. बरोबर आहे का?"

"संत्र्याचा, की सालीचा?"

सिनोवेनं पुन्हा घोट घेतला. "सालीचा."

"मग साल म्हण."

मग राग्नवाल्ड आला, त्याला वाळल्या गवताचा वास आला होता. मग नवऱ्याकडची एक परकी बाई आली, तिला मधाचा. माग्नहिल्ड आली आणि म्हणाली, की मध बिध काही नाही, ती बाई समुद्राकडची आहे, तिला काय कळतंय.

"मीही समुद्राकडचीच आहे," आस्लाउग म्हणाली. "नीट चाखून सांग. मध आहे की नाही?"

माग्नहिल्डनं चाखलं. "आहे," ती नाखुशीनं म्हणाली. "थोडा."

आस्लाउगनं तिच्या हातातून वाडगा घेतला आणि एक घोट घेतला. गोड, मागून कडवट. साल, गवत आणि मध तिनं आपल्या आठवणीतून त्यात घातले.

बाकाच्या टोकाला बसलेला अन्फिन वाकून म्हणाला, "वीस तारखेला माझ्याकडे चाखणी आहे. नवीन पिंप घेतलंय. चारला येतो न्यायला."

"मला काय विचारतोस? मला वास येत नाही."

"तुला कोण विचारतंय? चाखणार मी. तू नुसती दटाव." त्यानं तिचा वाडगा उचलून उरलेली बिअर पिऊन टाकली. "आणि या वेळी कोट काढून बस."